कुत्र्याच्या दातांची घरगुती निगा

कुत्र्याच्या तोंडाला वास यायचाच, अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे. सोप्यावर पहुडलेला घरचा कुत्रा लाडाने जवळ आला की माणसे तोंड फिरवतात, 'जनावरच ते' असे म्हणतात आणि विषय तिथेच संपतो. वस्तुतः निरोगी कुत्र्याच्या श्वासाला अन्नाचा सौम्य वास असतो, दुर्गंधी नसते. दुर्गंधी सुरू झाली, म्हणजे बहुतेक वेळा हिरडीच्या कडेखाली जंतूंनी घर केलेले असते. कुत्रा तीन वर्षांचा होईपर्यंत त्याच्या हिरड्यांत रोगाची कमी-अधिक चिन्हे उमटू लागणे ही इतकी सर्वसाधारण गोष्ट आहे की पशुवैद्यकांना तिचे नवल वाटत नाही. मालकाला मात्र ती फार उशिरा कळते, कारण कुत्रा दातदुखी सांगत नाही. ठणकणाऱ्या दाताने तो शेवटपर्यंत जेवत राहतो. फार तर एका बाजूने चावतो, घास तोंडातून खाली पाडतो, आवडते खेळणे सोडून देतो. 'जेवतो आहे ना, मग दात बरे असणार' हा हिशेब म्हणूनच खोटा ठरतो.

या रोगाचा प्रतिबंध बव्हंशी घरच्या घरी, रोज दोन मिनिटांत करता येतो. त्यासाठी खर्चही फारसा येत नाही.

बेचाळीस दात

प्रौढ कुत्र्याच्या तोंडात 42 दात असतात, वरच्या जबड्यात 20 आणि खालच्या जबड्यात 22. त्यांत पुढचे लहान दात 12, सुळे 4, उपदाढा 16 आणि दाढा 10 अशी वाटणी आहे. पिल्लाला दुधाचे 28 दात येतात. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास ते हिरडीतून डोकावू लागतात, दोन महिन्यांच्या आत सर्व येऊन जातात आणि चौथ्या महिन्यापासून पडू लागतात. सहा-सात महिन्यांच्या वयात कायमचे दात पूर्ण झालेले असतात. या काळात चघळायच्या खेळण्यावर रक्ताचा एखादा ठिपका दिसला किंवा अंगणात तांदळाएवढा दात सापडला, तर घाबरण्याचे कारण नाही. बहुतेक दात पिल्लू गिळून टाकते आणि त्याने अपाय होत नाही.

एक गोष्ट मात्र मुद्दाम पाहावी. पॉमेरेनियन, डॅशहाउंड यांसारख्या लहान चणीच्या कुत्र्यांत दुधाचा सुळा पडत नाही आणि त्याच्या शेजारीच कायमचा सुळा उगवतो. एका जागी दोन सुळे दिसू लागले की त्या फटीत अन्न अडकते आणि नवा दात वाकडा जातो. असा जुना सुळा पशुवैद्यकाकडून काढून घ्यावा. तो घरी हलवून किंवा दोरा बांधून काढू नये. त्याचे मूळ लांब आणि नाजूक असते, ते आत मोडले की दुखणे वाढते.

कीटण कसे धरते

माणसाच्या दातांचा मोठा शत्रू कीड. कुत्र्यांत कीड त्या मानाने विरळ. त्यांची लाळ आपल्यापेक्षा अधिक अल्कधर्मी असते, त्यामुळे आम्लाने दात कुरतडले जाण्याचे प्रमाण कमी राहते. पण हीच लाळ दुसऱ्या बाजूने घात करते. जेवणानंतर काही तासांतच दातांवर जंतूंचा मऊ, चिकट थर चढू लागतो. तो पुसला गेला नाही, तर लाळेतील क्षार त्यात मुरतात आणि दोन-तीन दिवसांत त्याचे टणक, पिवळट-तपकिरी कीटण बनते. मऊ थर साध्या फडक्याने निघतो, कीटण मात्र ब्रशने निघत नाही. दात रोज, निदान एकाआड एक दिवस तरी घासावेत, असे सांगितले जाते ते यामुळेच. रविवारी कुत्र्याला आंघोळ घालताना त्याच वेळी दातही घासून टाकणारी मंडळी पुष्कळ आहेत, पण आठवड्यातून एकदा केलेल्या या कामाचा उपयोग जवळजवळ शून्य.

कीटण दिसायला कुरूप असले तरी खरे नुकसान त्याच्या आडोशाने हिरडीखाली वाढणारे जंतू करतात. प्रथम हिरडीची कड लाल होते, सुजते, स्पर्श होताच रक्त येते. या टप्प्यावर स्वच्छता सुरू केली तर हिरडी पूर्ववत होते. पुढे जंतू खोल शिरतात, दाताला धरून ठेवणारे हाड झिजू लागते आणि हे झिजलेले हाड पुन्हा आपसूक भरून येत नाही. लहान जातींच्या कुत्र्यांत खालचा जबडा मुळातच बारीक असतो. हाड इतके पोखरले जाते की साध्या उडीनेही जबडा मोडल्याची उदाहरणे पशुवैद्यकीय व्यवहारात आढळतात. वरच्या सुळ्याचे मूळ नाकपुडीला अगदी लागून असते. तिथले हाड गेले की तोंड आणि नाक यांत भोक पडते, कुत्रा वारंवार शिंकतो, एकाच नाकपुडीतून घाण वाहते. मालक सर्दीचे औषध मागायला जातो आणि दुखणे निघते दाताचे. हिरडीतून जंतू रक्तात उतरतात आणि हृदय, यकृत, मूत्रपिंडे यांच्या विकारांशी या रोगाचा संबंध आढळला आहे. एकामुळे दुसरा होतोच असे ठामपणे म्हणता येत नाही, पण तोंडातील चालू जखम कोणत्याही शरीराला परवडणारी नव्हे.

घासण्याची रीत

पहिल्याच दिवशी ब्रश घेऊन कुत्र्याच्या मागे लागणे ही सर्वांत मोठी चूक. एकदा धरून, दाबून, ओरडून दात घासले की पुढे ब्रश नुसता दिसला तरी कुत्रा पलंगाखाली जातो. त्याऐवजी दोन ते चार आठवड्यांची सवड ठेवावी. पहिले काही दिवस रोज ठरावीक वेळी, कुत्रा शांत असताना, शेजारी बसून त्याचे ओठ नुसते वर उचलावेत, सोडावेत आणि आवडीचा खाऊ द्यावा. समोरून अंगावर वाकू नये, बाजूला बसावे. मग बोटाला ओला मऊ कपडा गुंडाळून पुढच्या दातांवरून व सुळ्यांवरून हलकेच फिरवावे. धुऊन विरलेल्या सुती धोतराचा किंवा मलमलीचा तुकडा यासाठी उत्तम. बोट चिकनच्या बिनमिठाच्या, कांदा-लसूण न घातलेल्या पाण्यात बुडवून घेतले तर कुत्रा स्वतःहून तोंड पुढे करतो. याची सवय झाली की ब्रश आणावा.

ब्रश कुत्र्यांसाठीचाच हवा असे नाही. लहान मुलांचा मऊ केसांचा ब्रशही चालतो, मात्र तो त्या कुत्र्यापुरता राखून ठेवावा. बोटात घालायचे रबरी ब्रशही मिळतात. सुरुवातीला ते सोयीचे असतात, पण त्यांचे दाते जाड असल्याने हिरडीच्या कडेशी तितकेसे पोहोचत नाहीत.

तोंड उघडण्याची गरज नसते, हे अनेकांना ठाऊक नसते. जबडा मिटलेलाच राहू द्यावा, एका हाताने ओठ वर उचलावा आणि ब्रश गालाच्या आतून मागे सरकवावा. ब्रशचे केस दात आणि हिरडी जिथे मिळतात त्या रेषेवर सुमारे 45 अंशांत टेकवून लहान लहान गोल फिरवावेत. एका बाजूला अर्धा मिनिट पुरते. दातांची आतली बाजू जिभेच्या सततच्या घर्षणाने बरीच स्वच्छ राहते, तेव्हा बाहेरची बाजू नीट झाली की मोठे काम झाले. त्यातही वेळ कमी असेल, कुत्रा चुळबुळ करत असेल, तर वरच्या जबड्यातील मागचे मोठे दात आधी घासावेत. लाळग्रंथीचे तोंड तिथेच गालात उघडते आणि सर्वाधिक कीटण तिथेच साचते. बहुतेक मालक समोर दिसणारे सुळे चकचकीत करतात आणि ही जागा तशीच राहते.

सुरुवातीला ब्रशवर किंचित रक्त दिसले तर ते बहुधा सुजलेल्या हिरडीचे असते आणि आठवडा-दोन आठवड्यांच्या नियमित स्वच्छतेने थांबते. थांबले नाही, किंवा घासताना कुत्रा विशिष्ट जागी विव्हळू लागला, तर ब्रश बाजूला ठेवून दवाखाना गाठावा. दुखऱ्या तोंडात ब्रश घालणे म्हणजे कुत्र्याला छळणे, आणि चावा ओढवून घेणे. दात बदलण्याच्या वयातही पिल्लाच्या हिरड्या हुळहुळ्या असतात. तेव्हा नुसते ओठ उचलण्याची सवय चालू ठेवावी, घासण्याची घाई करू नये.

घरातले काय वापरू नये

माणसांची टूथपेस्ट कुत्र्याला कधीही वापरू नये. आपण चूळ भरून थुंकतो, कुत्रा सगळे गिळतो. त्यातील फेस आणणारे द्रव्य व फ्लोराइड रोज पोटात जाणे योग्य नाही. पण याहून गंभीर धोका झायलिटॉल या गोडव्याचा आहे. काही टूथपेस्ट, माउथवॉश, बिनसाखरेचे च्युइंग गम यांत तो असतो. माणसाला निरुपद्रवी असणारा हा पदार्थ कुत्र्याच्या शरीरात इन्सुलिनचा लोंढा सोडतो आणि रक्तातील साखर झपाट्याने उतरते. वजनाच्या दर किलोमागे 0.1 ग्रॅम एवढे प्रमाणही त्याला पुरते. म्हणजे 10 किलोच्या कुत्र्याला 1 ग्रॅम. उलटी, गळाठा, झोकांड्या, झटके ही लक्षणे अर्ध्या-एक तासात दिसू शकतात. प्रमाण अधिक असेल तर यकृत निकामी होते. असे काही खाल्ल्याची शंका आली तर लक्षणांची वाट न पाहता वेष्टनासह पशुवैद्यकाकडे जावे.

आपल्या घरांत आजही कुठे कुठे मशेरीचा डबा असतो. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू, आणि निकोटीन कुत्र्याला विषच. दातांना तर लावू नयेच, पण डबाही त्याच्या तोंडी लागणार नाही असा ठेवावा. लवंगेचे तेल हिरडी भाजते. मीठ व खाण्याचा सोडा यांतील सोडियम रोज पोटात जाणे हृदयाच्या वा मूत्रपिंडाच्या रुग्ण कुत्र्याला बाधते. राख, कोळसा यांनी दाताचा वरचा कठीण थर खरवडला जातो. कुत्र्यांसाठी बनवलेली, मांसाच्या चवीची पेस्ट मिळाली तर घ्यावी. ती गिळली तरी चालते आणि चवीमुळे कुत्रा सहकार्य करतो. न मिळाली तर नुसते पाणी वापरावे. काम ब्रशच्या घर्षणाने होते, पेस्टने नव्हे. हे एकदा लक्षात आले की दुकानातील निम्म्या वस्तूंची गरज उरत नाही.

उरलेल्या निम्म्यांविषयी थोडेसे. चघळण्याच्या कांड्या, पाण्यात टाकायचे द्रावण, दातांसाठीचे विशेष खाद्य यांचा बाजारात सुकाळ आहे. यांतील काहींचा थोडाफार उपयोग होतो, पुष्कळांचा होत नाही. अमेरिकेत 1997 साली स्थापन झालेली व्हेटरिनरी ओरल हेल्थ कौन्सिल ही संस्था उत्पादकांनी सादर केलेल्या चाचण्या तपासून आपली मोहोर देते. वेष्टनावर ती आहे का, एवढे पाहिले तरी निवड सोपी होते. नेहमीचे कोरडे खाद्य दात साफ करते हा समज मात्र सोडून द्यावा. त्याची गोळी दाताचे टोक लागताच फुटते, हिरडीच्या कडेपर्यंत तिचे घर्षण पोहोचत नाही. हुमण-शीत खाणाऱ्या कुत्र्याचे दात लवकर बिघडतात आणि महागडे खाद्य खाणाऱ्याचे टिकतात, असा सरळ न्याय नाही. घासले नाहीत तर दोघांचेही बिघडतात. चहात बुडवलेली ग्लुकोज बिस्किटे मात्र बंद केलेली बरी. ती चिकटतात आणि वजनही वाढवतात.

हाडे, नारळ आणि साखळी

'हाड चावले की दात साफ होतात' हे अर्धसत्य आहे. चावण्याने वरचा थर काही प्रमाणात निघतो हे खरे, पण त्याची किंमत कधी कधी एका मोठ्या दाताने मोजावी लागते. वरच्या जबड्यातील चौथी उपदाढ ही कुत्र्याची कात्री. मांस कापण्याचे काम तिचे. कठीण वस्तूवर जोर लावताना याच दाताचा बाहेरचा पापुद्रा उभा तडकतो, आतील नस उघडी पडते आणि मुळाशी पू होतो. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी डोळ्याच्या खाली सूज येते. गांधीलमाशी चावली असेल, डोळ्याला काही लागले असेल, असे समजून मलम लावले जाते. सूज फुटते, पू वाहतो, बरे वाटते आणि पुन्हा येते. डोळ्याखालची अशी सूज दिसली की आधी दात तपासून घ्यावा.

मटणाची नळी, जनावरांची शिंगे व खूर, चिऱ्याचे खडे, नारळाची करवंटी या सर्व वस्तू दातापेक्षा कठीण किंवा तोलामोलाच्या आहेत. यासाठी सोपी कसोटी आहे. वस्तूवर अंगठ्याचे नख दाबावे. नखाची खूण उमटली तर ती चघळायला ठीक. तीच वस्तू आपल्या गुडघ्यावर आपटून घ्यावीशी वाटत नसेल, तर ती कुत्र्याच्या तोंडातही नको. शिजवलेल्या हाडांचा धोका निराळा. ती, विशेषतः कोंबडीची, टोकदार तुकड्यांत फुटतात आणि घशात किंवा आतड्यात रुततात. नारळाच्या सोडणाशी खेळणे आपल्याकडच्या कुत्र्यांचा जुना छंद. त्याने दात मोडत नाहीत, पण तंतू दातांच्या फटीत अडकतात आणि गिळले तर आतड्यात गुंतू शकतात. खेळ संपला की सोडण उचलून टाकावे.

दिवसभर बांधलेला कुत्रा साखळी चावतो, पिंजऱ्यातला गज चावतो. अशा कुत्र्याच्या सुळ्याची मागची बाजू घासून पातळ होते आणि एके दिवशी सुळा मोडतो. यावर दंतमंजन नाही. त्याला मोकळे सोडणे, फिरवणे हाच उपाय. टेनिसचा चेंडूही सतत तोंडात असेल तर त्याच्या लवेत बसलेली वाळू दात झिजवते. समुद्रकिनारी खेळणाऱ्या कुत्र्यांबाबत हे विशेष खरे.

तोंडात हात घालू नये अशी वेळ

दातांच्या निगेवरील लेखांत सहसा न येणारी, पण आपल्याकडे सांगितलीच पाहिजे अशी ही बाब आहे. कुत्र्याचा खालचा जबडा लोंबतो आहे, लाळ गळते आहे, गिळता येत नाही, आवाज घोगरा झाला आहे असे दिसले की घरातला कोणीतरी 'घशात काटा अडकला' म्हणून सरळ तोंडात हात घालतो. मासळीच्या घरात ही शंका स्वाभाविकच. परंतु रेबीजच्या मूक प्रकाराची लक्षणे नेमकी हीच असतात. त्यात कुत्रा पिसाळल्यासारखा अंगावर धावून येत नाही, उलट मलूल होऊन कोपऱ्यात बसतो. लाळेत विषाणू असतो, आणि बोटावरील बारीकशी खरचटही त्याला आत शिरायला पुरते. लक्षणे दिसण्यापूर्वी काही दिवसही लाळ संसर्गजन्य असते.

गोव्यात 2014 पासून 'मिशन रेबीज'च्या सहकार्याने कुत्र्यांचे व्यापक लसीकरण झाले आणि 2021 साली राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून घोषित झाले. ही मोठीच कमाई आहे. पण नियंत्रण म्हणजे निर्मूलन नव्हे, आणि जिल्ह्यांच्या सीमा कुत्र्यांना ठाऊक नसतात. लसीकरण न झालेल्या किंवा नुकत्याच उचलून आणलेल्या कुत्र्याचे दात घासायला घेऊ नयेत. आधी लस, मग ओळख, मग ब्रश. जबडा लोंबलेल्या कुत्र्याला वेगळे बांधून पशुवैद्यकाला बोलवावे. लाळ जखमेला, खरचटलेल्या जागी, डोळ्यात वा तोंडात गेली असेल तर जखम साबण व वाहत्या पाण्याने 15 मिनिटे धुवावी, डोळा असल्यास नुसत्या पाण्याने, आणि त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन लस सुरू करावी. 'चावला नाही, नुसती लाळ लागली' म्हणून थांबू नये.

हिरड्या आणखीही काही सांगतात. फिकट, पांढुरक्या हिरड्या आणि त्यांवर लाल ठिपके असतील, सोबत ताप व मरगळ असेल, तर गोचीडतापाचा संशय घ्यावा. श्वासाला लघवीसारखा उग्र दर्प येत असेल तर मूत्रपिंडाची तपासणी व्हावी. काही कुत्र्यांच्या हिरड्या जन्मतः काळ्या असतात, तो रोग नव्हे. मात्र नवी गाठ, वाढणारा डाग, एकाच जागेहून येणारे रक्त यांकडे दुर्लक्ष करू नये. दात घासताना रोज ओठ उचलला जातो, त्यामुळे असे बदल लवकर नजरेस पडतात.

दवाखान्यातील सफाई

एकदा कीटण धरले की ते घरी काढता येत नाही. नखाने, चाकूच्या पात्याने, बाजारातील लोखंडी हत्याराने ते खरवडणारे हौशी लोक आहेत. त्याने दातावर चरे पडतात, त्या चऱ्यांत नवे कीटण अधिक लवकर धरते आणि हिरडीखालचे मूळ दुखणे तसेच राहते. भूल न देता दात साफ करून देण्याच्या सेवेलाही हेच लागू. दात पांढरे दिसतात, रोग झाकला जातो. खरी सफाई पूर्ण भूल देऊन, ध्वनिलहरींवर चालणाऱ्या उपकरणाने, हिरडीच्या खालपर्यंत केली जाते आणि शेवटी दात गुळगुळीत केले जातात. ही सोय प्रत्येक दवाखान्यात नसते, तेव्हा आधी फोनवर विचारून जावे. भुलीपूर्वी रक्ततपासणी होईल का आणि श्वासनलिकेत नळी घातली जाईल का, हेही विचारावे. नळीमुळे सफाईचे पाणी व कीटणाचे कण फुफ्फुसात जात नाहीत.

'म्हातारा झाला, आता भूल सोसवणार नाही' या भीतीने वर्षानुवर्षे कुजके दात तसेच ठेवले जातात. वय हा स्वतःहून रोग नाही. तपासणीत हृदय व मूत्रपिंडे ठीक असतील तर बारा वर्षांच्या कुत्र्यालाही भूल देता येते आणि दुखरे दात काढता येतात. दात काढल्यावर तो जेवणार कसा, हा प्रश्न हमखास विचारला जातो. कुत्रा अन्न फारसे चावतच नाही, तोडतो आणि गिळतो. टाके भरेपर्यंत दहा-चौदा दिवस मऊ पेज, कुस्करलेला भात, काटे काढलेली मासळी द्यावी, कठीण खेळणी बाजूला ठेवावीत आणि त्या जागी ब्रश लावू नये. त्यानंतर बाकीच्या दातांवर ब्रश पुन्हा सुरू करावा.